‘सर, आमचा पीसी आपोआप बंद झाला’: शाळेच्या लॅबमधले चोरटे मेसेज आणि दुरून येणाऱ्या कमांड

आठवीचा तास चालू आहे. एका मशीनवर दोन मुली बसल्या आहेत, एक्सेलमधला तक्ता निम्मा भरून झालाय, फाइल अजून सेव्ह केलेली नाही. अचानक पडद्यावर सूचना येते: तुम्हाला साइन आउट केलं जाणार आहे, विंडोज एका मिनिटात बंद होईल. मुली हात वर करतात, पण शिक्षक तिथे पोहोचेपर्यंत मशीन रीस्टार्ट झालेलं असतं आणि तक्ता गेलेला असतो. पाच मिनिटांनी तेच पुढच्या रांगेत घडतं. मागे कुणीतरी तोंड दाबून हसतं.

अशा वेळी शाळेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘व्हायरस शिरलाय, सगळी मशीन फॉरमॅट मारा.’ दुसरं, ‘अमक्याने हॅक केलं, त्याला लॅबमध्ये घेऊ नका.’ बहुतेक वेळा दोन्ही निदानं चुकतात. विंडोजसोबतच येणारी एक साधी कमांड कुणीतरी दुसऱ्या मशीनकडे पाठवलेली असते आणि त्या मशीनने ती मुकाट्याने मानलेली असते. कमांड पाठवली कुणी, हे शोधायला सगळे धावतात. मशीनने ती का मानली, हे फार थोडे विचारतात, आणि लॅब दुरुस्त होते ती याच प्रश्नाच्या उत्तरातून.

(कमांड आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

नेट सेंडपासून शटडाउनपर्यंत

विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीच्या काळात ‘नेट सेंड’ नावाची कमांड होती. तिच्यापुढे मशीनचं नाव आणि मजकूर लिहिला की त्या मशीनवर एक छोटी चौकट उघडायची. नावाच्या जागी चांदणी टाकली की पूर्ण वर्कग्रुपमध्ये, म्हणजे सगळ्या लॅबमध्ये, एकाच वेळी चौकट. ही सोय खेळासाठी केलेली नव्हती. प्रिंट झाली, यूपीएसची बॅटरी संपत आली, सर्व्हर बंद होणार आहे, असे निरोप कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी विंडोजची मेसेंजर सर्व्हिस होती. नावात साम्य असलं तरी चॅटिंगच्या एमएसएन मेसेंजरशी तिचा संबंध नव्हता. निरोप पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. त्यामुळे शाळांमध्ये ती मुलांच्या हातात पडली, आणि इंटरनेटवर जाहिरातबाजांच्या. २००३च्या ऑक्टोबरमध्ये त्या सर्व्हिसमध्ये बाहेरून कोड चालवता येईल असं भगदाडही सापडलं. ऑगस्ट २००४मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ने ती सुरुवातीपासूनच बंद ठेवली आणि विस्टाने काढूनच टाकली. आज विंडोज १० किंवा ११ वर ‘नेट सेंड’ चालत नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये बघून मुलं ती टाइप करतात आणि हिरमुसतात.

तिच्या जागी ‘एमएसजी’ ही कमांड आली. ती होम आवृत्तीत नसते, प्रोमध्ये असते. एकाच मशीनवर लॉगिन केलेल्यांना निरोप द्यायला ती लगेच चालते. दुसऱ्या मशीनवर निरोप पाठवायचा असेल तर त्या मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंगं साठतात तिथे, ‘अलाउ-रिमोट-आरपीसी’ची किंमत १ असावी लागते. ती मुळात ० असते. तुमच्या लॅबमध्ये १ सापडली, तर कुणीतरी ॲडमिनच्या अधिकाराने ती बदलली आहे.

तिसरी कमांड ‘शटडाउन’. एक्सपीपासून ती प्रत्येक विंडोजमध्ये आहे. /एस म्हणजे बंद, /आर म्हणजे रीस्टार्ट, /टी म्हणजे किती सेकंदांनी, /सी म्हणजे सोबतचा मजकूर, /एम म्हणजे कोणतं मशीन. /टी दिलं नाही तर ३० सेकंद धरले जातात. /सी मध्ये ५१२ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो, म्हणून एकाच फटक्यात मशीन बंद करण्याची धमकी आणि वर एखादी शिवी, दोन्ही पाठवता येतात. /टी शून्यापेक्षा जास्त असेल तर उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होतात. सेव्ह करू का, असं कुणी विचारत नाही. त्या दोन मुलींचा तक्ता जातो तो यामुळे. ‘शटडाउन /आय’ टाइप केलं तर चक्क खिडकी उघडते, तिच्यात मशीनची यादी भरायची आणि बटण दाबायचं. एवढ्यासाठी संगणकातलं काही विशेष यावं लागत नाही.

उलटी मोजणी चालू असेल तर त्याच मशीनवर ‘शटडाउन /ए’ दिलं की ती थांबते. ही एक गोष्ट लॅबमधल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच तासाला शिकवावी. विंडोज आणि आर एकदम दाबायचं, ‘शटडाउन /ए’ लिहायचं, एंटर. अर्धा खेळ इथेच संपतो.

मशीन ऐकतं कुणाचं?

‘शटडाउन’ कमांड कोणत्याही मुलाला चालवता येते. लॅब-०३ वरून ती सुटते, नेटवर्कवरून लॅब-०७ कडे जाते, आणि तिथे लॅब-०७ विचारतं: तू कोण? दुरून मला बंद करायचा हक्क तुला आहे का? विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये हा हक्क फक्त त्या मशीनच्या ॲडमिनिस्ट्रेटर गटाला असतो. साध्या खात्याला ‘ॲक्सेस इज डिनाइड’, कोड ५, एवढंच उत्तर मिळतं. म्हणजे दाराला कडी आहे, आणि ती आतल्या बाजूने, समोरच्या मशीनवर आहे. मग ती उघडते कशी?

व्हेंडर एका मशीनवर विंडोज, ऑफिस, टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकतो, त्याची इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत, काढतो आणि तीच इमेज बाकीच्या २३ मशीनवर मारतो. वेळ वाचतो, यात गैर काही नाही. पण त्या इमेजसोबत एकच ॲडमिन खातं आणि एकच पासवर्ड २४ ठिकाणी जातो. मुलांनाही त्याच खात्यावर बसवलं जातं, कारण एखादं जुनं सॉफ्टवेअर साध्या खात्यावर चालत नाही. आता वर्कग्रुपमधलं विंडोज कसं वागतं ते बघा. लॅब-०३ वर बसलेल्याने लॅब-०७ कडे काही मागितलं की विंडोज आधी स्वतःहून, न विचारता, सध्याचंच नाव आणि पासवर्ड पुढे करतं. लॅब-०७ वर तेच नाव आणि तोच पासवर्ड असेल तर दार उघडतं. मुलाला पासवर्ड चोरावा लागत नाही, तो त्याच्या वतीने आपोआप दाखवला जातो.

विस्टापासून विंडोजने इथे आणखी एक अडसर घातला. लोकल ॲडमिन खातं नेटवर्कवरून आलं तर त्याचे ॲडमिनचे अधिकार काढून त्याला साध्या खात्यासारखं वागवायचं. हा अडसर तीन प्रकारे निकामी होतो आणि शाळांच्या लॅबमध्ये तिन्ही प्रकार चालतात. पहिला, विंडोजचं जन्मजात ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं चालू ठेवणं. त्या खात्याला हा नियम लागूच होत नाही. दुसरा, रजिस्ट्रीत ‘लोकल-अकाउंट-टोकन-फिल्टर-पॉलिसी’ १ करणं. कुणीतरी कधीतरी सगळ्या मशीनवर एकदम सॉफ्टवेअर टाकण्यासाठी ते करतं आणि परत ० करायचं विसरतं. तिसरा, डोमेन, म्हणजे सगळी खाती एका सर्व्हरवरून चालवण्याची व्यवस्था, असलेल्या शाळेत शिक्षकांचं किंवा लॅब असिस्टंटचं डोमेन खातं प्रत्येक मशीनचं ॲडमिन असणं आणि तो पासवर्ड फळ्याशेजारी चिकटवलेला असणं.

रिकाम्या पासवर्डबद्दल एक गंमत, जी अनेकांना उलटी वाटते. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. समोर बसूनच वापरू देतं. त्यामुळे पासवर्ड नसलेली लॅब या एका बाबतीत ‘१२३४५’ पासवर्डच्या लॅबपेक्षा सुरक्षित असते. पासवर्ड काढून टाका असा याचा अर्थ घेऊ नका, कारण समोर बसलेल्याला मग सगळं मोकळं मिळतं.

ज्या किल्लीने लॅब-०७ रीस्टार्ट होतं, त्याच किल्लीने \\लॅब-०७\सी$ उघडतं, म्हणजे त्या मशीनची अख्खी सी ड्राइव्ह. शिक्षकांचं मशीन त्याच इमेजमधून आलं असेल तर त्यावरची सहामाहीची प्रश्नपत्रिका आणि गुणांची एक्सेल फाइलही उघडते. रीस्टार्टचा खेळ हा धूर आहे, आग या जागी आहे. जून २०१७मध्ये नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम जगभर पसरला तो मशीनच्या स्मृतीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलून आणि पीएसएक्झेक, डब्ल्यूएमआय या दुरून कमांड देण्याच्या नेहमीच्या साधनांनी पुढच्या मशीनवर उडी मारून. न्हावा शेवाच्या जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही त्यात ठप्प झालं होतं. आठवीतला मुलगा आणि तो प्रोग्रॅम यांची तुलना करायची नाही. पण दोघांना आत घेणारी फट एकच आहे, आणि मुलगा ती आपल्याला फुकटात दाखवतो.

आधी वीज तपासा, मग विंडोज, मग मूल

मशीन बंद पडलं म्हणजे कुणीतरी बंद केलंच, असं नाही. निर्दोष मुलावर आळ घेण्याइतकं वाईट काम लॅबमध्ये दुसरं नाही, म्हणून नोंदी आधी वाचा. विंडोज आणि आर दाबून ‘इव्हेंट-व्ह्यूअर’ची कमांड ‘इव्हेंटव्हीडब्ल्यूआर’ द्या. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा, उजवीकडच्या फिल्टरमध्ये १०७४, ६००८, ४१ हे तीन आकडे स्वल्पविराम देऊन टाका.

४१ किंवा ६००८ दिसले आणि त्या वेळेला १०७४ नसेल, तर मशीन कमांडने बंद झालेलं नाही. वीज गेली, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, दमला, पायाने प्लग निघाला किंवा कुणी पॉवर बटण दाबून धरलं. १०७४ असेल तर ती नोंद उघडा. कोणत्या प्रोसेसने, कोणत्या खात्याच्या नावाने, बंद की रीस्टार्ट, आणि सोबतचा मजकूर, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रोसेसच्या जागी ‘ट्रस्टेड-इन्स्टॉलर’ किंवा अपडेटशी संबंधित नाव असेल तर विंडोज अपडेटने रीस्टार्ट घेतला आहे, मुलांना सोडा. ‘शटडाउन’चं नाव असेल तर कमांड त्याच मशीनवर चालली. ‘विनइनिट’ असेल तर दुरून आल्याची शक्यता दाट. मग सिक्युरिटी लॉगमध्ये त्याच मिनिटाला ४६२४ ही नोंद शोधा, जिच्यात लॉगॉन टाइप ३ आहे. ३ म्हणजे नेटवर्कवरून. तिच्यात खाली ‘सोर्स नेटवर्क ॲड्रेस’ म्हणून आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, असतो. तो आयपी ज्या मशीनचा, तिथून कमांड निघाली.

इथे बहुतेक शाळा अडतात, आणि अडतात त्या अगदी साध्या गोष्टींवर. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल संपलेला असतो, त्यामुळे घड्याळ दोन वर्षं मागे जातं आणि दोन मशीनच्या नोंदी जुळत नाहीत. ३ व्होल्टचा तो नाण्याएवढा सेल बदला. लॅबला इंटरनेट नसेल तर घड्याळं महिन्यातून एकदा हाताने लावा. डीएचसीपीमुळे, म्हणजे राउटर आयपी आपोआप वाटतो त्यामुळे, आयपी बदलत असतील तर राउटरमध्ये प्रत्येक मशीनचा आयपी मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) बांधून ठेवा आणि तो मशीनच्या कपाळावर स्टिकरने लावा. सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो आणि भरला की जुन्या नोंदी पुसत जातो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये तो १०० एमबी करा.

आणि वही ठेवा. तारीख, तास, मशीन क्रमांक, बसलेल्या दोघांची नावं. सगळी मुलं ‘स्टुडंट’ या एकाच खात्यावर बसत असतील तर लॉग फक्त ‘स्टुडंट’ एवढंच सांगतो. मशीन आणि मिनिट लॉगमधून मिळतं, मूल वहीतून. वही नसेल तर कुणाचंही नाव घेऊ नका.

एक फसवा प्रकार वेगळा ओळखा. मशीन लॉगिन करताच दर वेळी बंद होत असेल तर नेटवर्कचा संबंध नाही. कुणीतरी स्टार्टअप फोल्डरमध्ये ‘शटडाउन’चा शॉर्टकट टाकला आहे, किंवा टास्क शेड्युलरमध्ये काम लावलं आहे. लॉगिन करताना शिफ्ट दाबून धरलं की स्टार्टअप फोल्डरमधले प्रोग्रॅम चालत नाहीत. मग शॉर्टकट काढता येतो. डेस्कटॉपवर क्रोमचं चिन्ह लावलेला पण उघडल्यावर मशीन बंद करणारा शॉर्टकट हाही याच कुळातला. त्याच्या प्रॉपर्टीजमधली ‘टार्गेट’ ओळ वाचली की उलगडा होतो.

जे उपाय करून उपयोग होत नाही

पहिली प्रतिक्रिया असते काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट बंद करण्याची. ती बंद केली तरी ‘रन’मधून कमांड चालते, शॉर्टकटमधून चालते, पॉवरशेलमधून चालते. मग कुणीतरी शटडाउनची फाइलच डिलीट करतं. विंडोजची दुरुस्ती किंवा अपडेट ती परत आणून ठेवतं, आणि तोवर मुलगा पेनड्राइव्हवर तिची प्रत आणतो. पाठवणाऱ्या मशीनवर कितीही कुलपं घाला, कडी समोरच्या मशीनवर आहे. तिथे ती लागलेली नसेल तर पाठवायला घरून आणलेला लॅपटॉपही चालतो.

मुलांना कमांड प्रॉम्प्टच नाकारणं हे शिक्षणाच्या दृष्टीनेही नुकसानीचं आहे. ‘पिंग’, ‘आयपीकॉन्फिग’ यांतूनच मुलाला नेटवर्क म्हणजे काय ते हाताला लागतं.

जे करायला हवं

सुरुवात खात्यांपासून. प्रत्येक मशीनवर ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ही कमांड द्या. ती ॲडमिन गटातली नावं दाखवते. त्यात मुलांचं खातं असेल तर ते ‘युजर्स’ गटात हलवा. त्याआधी वेगळं ॲडमिन खातं तयार करा, त्याने एकदा लॉगिन करून खात्री करा, आणि मगच जन्मजात खातं ‘नेट युजर ॲडमिनिस्ट्रेटर /ॲक्टिव्ह:नो’ देऊन बंद करा. हा क्रम उलटा झाला तर मशीनला एकही ॲडमिन उरत नाही आणि फॉरमॅटची पाळी येते.

साध्या खात्यावर जुनं टायपिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर चालत नाही, ही तक्रार लगेच येईल. बहुतेकदा ते सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये फाइल लिहू पाहतं आणि साध्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. त्या एकाच फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ‘युजर्स’ला ‘मॉडिफाय’. अख्खं मशीन मुलांच्या ताब्यात देण्याऐवजी एक फोल्डर दिला की काम भागतं.

मग पासवर्ड. प्रत्येक मशीनचा ॲडमिन पासवर्ड वेगळा हवा, किमान १४ अक्षरांचा. शाळेत विंडोज सर्व्हर आणि डोमेन असेल तर हे काम लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं साधन करतं. एप्रिल २०२३च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आलं आहे; प्रत्येक मशीनचा पासवर्ड ठरावीक दिवसांनी आपोआप बदलतं आणि सर्व्हरवर जपून ठेवतं. सर्व्हर नसेल तर २४ पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. कागदाला कमी लेखू नका. कुलपातला कागद नेटवर्कवरून वाचता येत नाही. ‘लॅब०१@शाळा’, ‘लॅब०२@शाळा’ असे पासवर्ड मात्र वेगळे धरू नका. एक कळला की सगळे कळतात.

तिसरं, फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी मागणी अडवणारी विंडोजची भिंत. मुलाच्या मशीनला दुसऱ्या मुलाच्या मशीनकडून काहीही घेण्याची गरज नसते. सेटिंग्जमध्ये इथरनेटचा प्रोफाइल ‘पब्लिक’ करा आणि त्या प्रोफाइलमध्ये फाइल आणि प्रिंटर शेअरिंग बंद ठेवा. पोर्ट, म्हणजे मशीनचे क्रमांक दिलेले नेटवर्क-दरवाजे, ४४५ आणि १३५ वर बाहेरून येणारी मागणी अडली की दुरून शटडाउन, सी$, पीएसएक्झेक हे सगळे तिथेच थांबतात. मुलांनी शिक्षकांच्या मशीनवरचा प्रिंटर वापरायला अडचण येत नाही, कारण ती मागणी मुलाच्या मशीनवरून बाहेर जाते, आत येत नाही. वायफाय असेल तर राउटरमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू करा, म्हणजे मशीन एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. केबलच्या लॅबमध्ये हेच काम मॅनेज्ड स्विचच्या पोर्ट आयसोलेशनने होतं. शाळांमध्ये सर्रास दिसणाऱ्या साध्या २४ पोर्टच्या स्विचला ते जमत नाही, म्हणून फायरवॉलवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

विंडोज प्रो असेल तर ‘सेकपॉल’ उघडून लोकल पॉलिसीज, युजर राइट्स असाइनमेंटमध्ये जा. ‘फोर्स शटडाउन फ्रॉम अ रिमोट सिस्टिम’मध्ये फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्स आहेत ना, बघा. ‘डिनाय ॲक्सेस टू धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क’मध्ये ‘लोकल अकाउंट अँड मेंबर ऑफ ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप’ हा गट घाला. एवढं केलं की लोकल ॲडमिनचा पासवर्ड कुणाला कळला तरी नेटवर्कवरून त्याचा उपयोग होत नाही. होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तिथे खाती आणि फायरवॉल यांवरच काम भागवावं लागतं.

शिक्षकांसाठीचं सॉफ्टवेअर हे मोठं दार

मुलांचे पडदे एका जागी बसून बघता यावेत म्हणून अनेक शाळा व्हेयॉन वापरतात. चांगलं, मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन किल्ल्या असतात: सार्वजनिक किल्ली मुलांच्या मशीनवर, खासगी किल्ली फक्त शिक्षकांच्या मशीनवर. घोटाळा असा होतो की शिक्षकांचं मशीन नीट लावून झाल्यावर त्याचीच इमेज सगळीकडे मारली जाते, आणि खासगी किल्ली २४ मशीनवर जाऊन बसते. मग कोणतंही मूल कोणाचाही पडदा बघू शकतं, लॉक करू शकतं, सगळ्यांना निरोप पाठवू शकतं. मुलांच्या मशीनवर ‘प्रोग्रॅम डेटा’तल्या व्हेयॉनच्या फोल्डरमध्ये ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरात काही आहे का, ते आजच बघा. असेल तर नुसतं पुसून भागणार नाही. नवी जोडी तयार करून जुनी सार्वजनिक किल्लीही बदलावी लागते. फायरवॉलमध्ये पोर्ट १११०० फक्त शिक्षकांच्या मशीनच्या आयपीसाठी उघडा. ही मर्यादा नियमाच्या ‘स्कोप’ टॅबमध्ये घालता येते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कुट्झटाउन हायस्कूलने २००४मध्ये मुलांना सुमारे ६०० ॲपल लॅपटॉप दिले. ॲडमिनचा पासवर्ड लॅपटॉपच्या पाठीवरच चिकटवलेला होता. मुलांनी त्याने आयचॅट टाकलं, आणि मुलांवर नजर ठेवण्यासाठी असलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून काहींनी उलट प्रशासकांचेच पडदे पाहिले. २००५मध्ये १३ मुलांवर थेट गंभीर गुन्ह्याचे आरोप लावले गेले. देशभर ओरड झाल्यावर प्रकरण माफीपत्र आणि १५ तासांच्या समाजसेवेसारख्या अटींवर मिटवलं गेलं.

याउलट इलिनॉयमधल्या डिस्ट्रिक्ट २१४ मध्ये ३० एप्रिल २०२१ रोजी एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी ६ शाळांमधल्या पडद्यांवर एकाच वेळी एक गाणं वाजवलं. पडद्यांच्या यंत्रणेवर कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच होते. मुलांनी परीक्षांच्या वेळा टाळल्या, नंतर सगळं पूर्ववत केलं आणि फटी कुठे कुठे आहेत याचा २६ पानी अहवाल शाळेला पाठवला. शाळेने शिक्षा केली नाही, उलट त्यांच्याकडून माहिती समजून घेतली.

ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने शिक्षण क्षेत्रातल्या, आतल्याच माणसांकडून झालेल्या २१५ घटना तपासल्या तेव्हा ५७ टक्के घटनांमागे विद्यार्थी निघाले, आणि खरोखर गुंतागुंतीचं तंत्र लागलेल्या घटना सगळ्या मिळून फक्त ५ टक्के होत्या. बाकी सगळं उघडी मशीन, ओळखता येणारे पासवर्ड, गरजेपेक्षा जास्त अधिकार.

कोणत्या खोडीला खोडी म्हणायचं

शेजारच्याचं मशीन रीस्टार्ट करणं ही खोडी आहे. ज्याचं काम गेलं त्याची माफी, त्याचा तक्ता स्वतः भरून देणं, आणि काय केलं ते शिक्षकांसमोर पायरीपायरीने करून दाखवणं. हे तिसरं सगळ्यांत मोलाचं, कारण त्यातून फट सापडते. सापडलेल्या हुशार मुलालाच लॅबचा ॲडमिन पासवर्ड देऊन टाकणं ही मात्र सरळ चूक आहे. त्याला फटी शोधण्याचं काम द्या, किल्ली नको.

एखाद्या मुलीच्या पडद्यावर निनावी घाणेरडा मजकूर पाठवणं ही खोडी नाही. ती चौकट बंद झाली की पुरावा जातो, म्हणून मुलींना आधीच सांगून ठेवा: ‘ओके’ दाबू नका, पडद्याचा मोबाइलने फोटो काढायला शिक्षकांना बोलवा. लैंगिक स्वरूपाचा मजकूर असेल तर पोक्सो कायद्याचा प्रश्न येतो, आणि त्या कायद्याखालचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘शाळेतच मिटवू’ म्हणायची मुभा तिथे नाही.

दुसऱ्याचा पासवर्ड वापरून गुण बदलणं किंवा प्रश्नपत्रिका काढणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३, ६६ आणि ६६सी कलमांपर्यंत पोहोचतं. ६६सीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. या कलमांचा धाक पहिल्याच रीस्टार्टला दाखवू नका. ६६व्या कलमाला अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो, आणि मित्राला चिडवणं म्हणजे कपट नव्हे.

अभियांत्रिकी कॉलेजांच्या उबंटू-फेडोराच्या, म्हणजे लिनक्सच्या, लॅबमध्ये कहाणी थोडी वेगळ्या नावांनी घडते. सगळ्या मशीनवर ‘स्टुडंट’ हे एकच खातं, एकच पासवर्ड, आणि एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करण्याची सोय, चालू. मग शेजारच्या मशीनवर ‘स्टुडंट’ म्हणून शिरून त्याचा प्रोग्रॅम ‘किल’ करता येतो, कारण दोघंही एकच युजर आहेत. मुलांच्या मशीनवर एसएसएच सर्व्हर लागत नसेल तर काढून टाका. ‘राइट’ या कमांडने येणारे निरोप नको असतील तर ‘मेसग एन’ द्या.

शेवटची चाचणी पाच मिनिटांची आहे. लॅब-०३ वर मुलांच्या खात्याने लॉगिन करा, \\लॅब-०७\सी$ उघडायचा प्रयत्न करा, मग ‘शटडाउन /आर /एम \\लॅब-०७ /टी ६०’ द्या. दोन्हीकडे नकार किंवा ‘मशीन सापडत नाही’ असं उत्तर यायला हवं. लॅब-०७ वर उलटी मोजणी सुरू झाली तर ‘शटडाउन /ए’ द्या आणि खात्यांपासून पुन्हा तपासा. हीच चाचणी लॅब-०३ वर ॲडमिन खात्याने बसूनही करा; तेव्हाही नकारच यायला हवा. व्हेंडरने उन्हाळ्याच्या सुट्टीत इमेज पुन्हा मारली की जुनं खातं, जुना पासवर्ड आणि जुनी खासगी किल्ली तिच्यासोबत परत येतात. म्हणून ही चाचणी त्याच्यासमोर करा, आणि नकार दिसल्यावरच बिलावर सही करा.